गाळ उपसा, पण आधी एक नळी बाजूला ठेवा

उन्हाळा लागला की तळी आणि पाझर तलाव उपसायला जेसीबी उतरतात. २०१७ पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि या कामाला वेग आला. गाळ रानात पडतो, रानाचा कस वाढतो, तळ्यात पाणी जास्त साठते. हे काम चांगले आहे आणि ते व्हायलाच हवे. माझी मागणी छोटी आहे. ज्या तळ्यात बारमाही पाणी असते, त्याचा गाळ हलवण्याआधी त्यात एक नळी खोलवर खुपसावी, आतला गाळ जसा आहे तसा थरांसकट बाहेर काढावा आणि तो जपून ठेवावा. त्या गाळात आपल्या भागातल्या झाडाझुडपांची वर्षानुवर्षांची हजेरी लागलेली असते. ती हजेरी टिकते परागकणाच्या कवचामुळे. इतका चिवट पदार्थ सजीव सृष्टीत शोधून सापडणे अवघड आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सँड लॅब सांभाळते. शिक्षण रसायनशास्त्राचे. दिवसभर वाळूचा ओलावा, ताकद, चाळणी नंबर, एलओआय (जाळल्यावर वाळूचे वजन किती घटते ते) पाहायचे आणि कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा ठोकळा) का फुटला, कास्टिंगला ब्लो होल का आले, याची उत्तरे शोधायची. वनस्पतीशास्त्र हा माझा प्रांत नाही. तरीही परागकणाच्या कवचाविषयी वाचायला लागले तेव्हा ते मला ओळखीचे वाटले, कारण आम्हीही कवचेच बनवतो.

शेल कोअर कसा होतो ते ज्यांनी कोअर शॉप पाहिले आहे त्यांना सांगायला नको. वाळूच्या प्रत्येक कणावर फिनॉलिक रेझिनचा पातळ लेप असतो. त्यात हेक्झामीन मिसळलेले असते. ही वाळू अडीचशे अंशांच्या आसपास तापवलेल्या कोअर बॉक्समध्ये फुंकली की रेझिन आधी वितळते, मग त्याच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बांधल्या जातात आणि मिनिट-दोन मिनिटांत दगडासारखे कडक कवच तयार होते. एकदा बांधले गेलेले हे रेझिन पुन्हा वितळत नाही. कोअर पिवळट राहिला तर तो कच्चा, खरपूस तपकिरी झाला तर बरोबर, काळपट झाला तर जळाला. आमच्याकडचा जुना ऑपरेटर टायमरपेक्षा या रंगावर जास्त विश्वास ठेवतो.

परागकणाला दोन कवचे असतात. आतले मऊ, सेल्युलोज आणि पेक्टिनचे. बाहेरचे कठीण, ज्यावर काटे, जाळ्या, खड्डे, रेघा अशी नक्षी असते. हे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचे असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ जॉन यांनी १८१४ मध्येच परागकणातल्या या न विरघळणाऱ्या भागाची नोंद केली होती. आज वापरात असलेले नाव मात्र रसायनशास्त्रज्ञ झेट्शे यांनी १९३१ च्या सुमारास रूढ केले. त्यानंतरही हा पदार्थ नेमका कसा बांधला आहे हे कळायला फार काळ गेला, कारण एखाद्या पदार्थाची रचना समजून घ्यायची तर तो आधी कशात तरी विरघळावा लागतो आणि हा विरघळतच नव्हता. अमेरिकेत जिंग-के वेंग आणि मेई हाँग यांच्या गटांनी पाइनचे परागकण बॉल मिलमध्ये दळून, मग रासायनिक पद्धतीने तोडून आणि घन अवस्थेतच चुंबकीय अनुनादाने तपासून २०१९ मध्ये त्याची तपशीलवार रचना मांडली. त्या रचनेच्या तपशिलांवर आजही वाद चालू आहे. इतर वनस्पतींच्या कवचांत फरक आढळतात. पण त्या मांडणीतला एक मुद्दा मला मनापासून पटला.

त्यांच्या मांडणीनुसार या कवचातल्या लांब साखळ्या दोन वेगळ्या प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या आहेत, एस्टर आणि अॅसिटल. एस्टर अल्कलीत तुटते, पण आम्लात बऱ्यापैकी तग धरते. अॅसिटलचे नेमके उलट. ते आम्लात तुटते आणि अल्कलीला दाद देत नाही. त्यामुळे आम्ल आले तरी निम्मे बंध शाबूत, अल्कली आली तरी निम्मे शाबूत. साखळी मोकळी होतच नाही. आमच्या रेझिनचा पुरवठादार ‘हाय स्ट्रेंग्थ’ म्हणून जे विकतो त्यात इतका विचार नाही. आणि तो असूही नये, कारण आमच्या कोअरने ओतकामानंतर फुटायचेच असते. चौदाशे अंशांच्या आसपासचे लोखंड भोवती आले की रेझिन जळून जावे आणि वाळू भुसभुशीत होऊन कास्टिंगमधून झडावी, हीच आमची अपेक्षा. परागकणाच्या कवचाकडून झाडाची अपेक्षा वेगळी आहे. वारा, ऊन, पाऊस, मधमाशीचे पाय, कोरडी हवा या सगळ्यांतून आतला जीव पलीकडच्या फुलापर्यंत पोचवायचा.

या कवचात फिनॉलचा अंशही आहे. कौमारिक आम्लाचे गट त्यात अडकलेले असतात आणि ते सूर्याची अतिनील किरणे शोषून घेतात. आतल्या केंद्रकातल्या डीएनएला त्या किरणांपासून जपणारे हे छत्र आहे. ज्या काळात जमिनीवर अतिनील किरणे जास्त पोचली, त्या काळातल्या परागकणांत हे गट जास्त सापडतात. त्यावरून जुन्या काळातले ऊन मोजण्याचे प्रयत्नही चालू आहेत.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हे कवच परागकण स्वतः बनवत नाही. पुंकेसराच्या परागकोशात आतून एक पोषक थर असतो. त्या थरातल्या पेशी कवचाचा कच्चा माल तयार करतात, तो परागकणांवर चढवतात आणि काम झाले की स्वतः विरघळून जातात. त्यांचे उरलेले तेलकट अवशेषही परागकणावरच बसतात. त्यानेच तो मधमाशीला चिकटतो.

कंपनीच्या गेटजवळ जास्वंदीचे झाड आहे. एका सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी तिचे एक फूल लॅबमध्ये आणले आणि तुऱ्यावरची पिवळी भुकटी काचेवर झटकली. आमचा सूक्ष्मदर्शक एसजी आयर्न या ओतीव लोखंडातले ग्रॅफाइटचे गोळे मोजायचा आहे. त्याखाली रोज करड्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके पाहायची डोळ्याला सवय. त्याच भिंगाखाली आता पिवळे, काटेरी गोळे दिसत होते. प्रत्येक काटा बुडाशी जाड आणि टोकाशी बोथट. दोन काट्यांमधले अंतर जवळजवळ सारखे. जास्वंदीचा परागकण मोठ्यांपैकी असतो, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडा मोठा. शेजारी मुद्दाम आमच्या शेल सँडचे चार कण ठेवले होते. ते त्याच्या दुप्पट होते. वाळूचा एकही कण दुसऱ्यासारखा नव्हता. परागकण मात्र सगळे एका साच्यातून निघाल्यासारखे.

आता हा पदार्थ कुठे हरतो तेही सांगते, कारण माझ्या मागणीशी त्याचा थेट संबंध आहे. आम्लाने हरत नाही. परागकण अभ्यासणारे लोक स्वीडनच्या गुन्नार अर्डटमन यांनी रूढ केलेली पद्धत वापरतात. नऊ भाग अॅसेटिक अनहायड्राइड, एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल, आणि त्यात परागकण तापवायचे. आतले सगळे जळून जाते, कवच मात्र नक्षीसकट राहते. गाळातली वाळू घालवायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. त्यात आमची सिलिका विरघळते, कवच विरघळत नाही. पण ऑक्सिडेशनपुढे हे कवच टिकत नाही. ओझोन, हायपोक्लोराइट, परमँगनेट त्याला खातात. आमच्या मफल फर्नेसमध्ये एलओआयच्या चाचणीसारखे मोकळ्या हवेत तापवले तर ते कोळशाच्या भुकटीप्रमाणे जळून जाते. हवेशिवाय खोल गाडले गेले आणि हळूहळू तापले तर मात्र रंग बदलते, आधी पिवळे, मग नारिंगी, तपकिरी आणि शेवटी काळे. खनिज तेल शोधणारे भूशास्त्रज्ञ खडकातल्या परागकणांचा हा रंग पाहून तो खडक किती तापला होता हे ठरवतात. आमचा ऑपरेटर कोअर पाहून जे सांगतो, तेच.

म्हणजे परागकण टिकायला दोन अटी आहेत. हवा नको आणि वारंवार ओले-कोरडे होणे नको. प्रत्येक उन्हाळ्यात आटून भेगा पडणाऱ्या तळ्यात तो कुजतो. लाल, मुरमाड मातीत तर फारसा सापडतच नाही. पण ज्या तळ्याचा तळ कायम पाण्याखाली आहे, जिथला गाळ काळा आहे आणि उकरल्यावर कुजकट वास येतो, तिथे तो वर्षांमागून वर्षे तसाच पडून राहतो. म्हणूनच मी सरसकट सगळ्या तळ्यांसाठी मागणी करत नाही.

अशा गाळातून काय वाचता येते याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. नागपूर-चंद्रपूर भागात लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला तळ्यांचा गाळ आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातले परागकण काढून अभ्यासकांनी डायनासोरच्या शेवटच्या काळातली वनराई मांडली आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याखाली लिग्नाइटचे पट्टे आहेत. त्यांत निपा या खाजणातल्या पाम झाडाचे अवशेष सापडले. आज हे झाड पाहायचे तर सुंदरबनात किंवा अंदमानात जावे लागते. बुलढाण्याच्या लोणार सरोवरातून गाळाचा सुमारे दहा मीटरचा गाभा काढला गेला. त्यात अकरा हजार वर्षांच्या आसपासची नोंद मिळाली. खनिजे, समस्थानिके आणि इतर पुराव्यांवरून त्यात दोन दीर्घ कोरडे काळ दिसले, एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. भोवतीच्या झाडाझुडपांचे चित्र समजायला परागकण कामी आले. दुसऱ्या कोरड्या काळाचा शेवट शिवकालाच्या फार आधीचा नाही, हे लक्षात घेतले म्हणजे पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या आपल्या राज्यासाठी ही माहिती किती महत्त्वाची आहे ते कळते.

लोणारला परदेशी आणि भारतीय संस्थांचे लक्ष गेले कारण ते जगप्रसिद्ध विवर आहे. आपल्या हातकणंगले, करवीर, भुदरगड, राधानगरीतल्या तळ्यांकडे कोण येणार? ती शेकडो वर्षे जुनी नसतील, काही तर शंभर वर्षांचीही नसतील. तरी हरकत नाही. आपल्याला नेमका तोच काळ हवा आहे. या शंभर-दीडशे वर्षांत पंचगंगेच्या खोऱ्यात उसाने माळ व्यापले, डोंगरावरची राने विरळ झाली, निलगिरी आणि सुबाभूळ आले, एमआयडीसी उभ्या राहिल्या. १९५०च्या दशकात पुण्यात दिसलेले गाजर गवत आज शिरोलीच्या प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे. त्याचा बारीक काटेरी परागकण श्वासावाटे गेला की त्याच्या कवचातली प्रथिने काही मिनिटांत नाकाच्या ओलाव्यात उतरतात आणि ज्यांना अॅलर्जी आहे त्यांची शिंकांनी, खाजेने वाट लागते. हे गवत आपल्या भागात नेमके कधी शिरले हे एखाद्या तळ्याच्या गाळात थर मोजून सांगता येईल. शिशाचे एक किरणोत्सर्गी समस्थानिक वापरून शंभर-दीडशे वर्षांपर्यंतच्या थरांची वये काढता येतात. तंत्र आहे, माणसे आहेत. कच्चा माल मात्र दर उन्हाळ्यात ट्रॉलीतून शिवारात जातो आणि नांगराखाली एकमेकांत मिसळून संपतो.

मर्यादाही मांडते. उसाचा परागकण आणि दुसऱ्या गवताचा परागकण सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारखाच दिसतो, गुळगुळीत गोल आणि एक छिद्र. त्यामुळे ‘ऊस अमुक साली आला’ असे थेट वाचता येणार नाही. रानातल्या झाडांचे परागकण कमी होत गेले आणि गवताचे वाढत गेले, एवढे मात्र दिसेल. आणि कवच टिकले म्हणजे आतला जीव टिकला असेही नाही. गवत कुळातला परागकण फुलाबाहेर पडल्यावर काही मिनिटांत, फार तर काही तासांत निकामी होतो. त्याचे कवच मात्र हजारो वर्षे राहते.

पुराचा विषय इथे आल्याशिवाय राहत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पुलाची शिरोलीपाशी महामार्गावर आले, वाहतूक ठप्प झाली. पाणी ओसरल्यावर जो गाळ शेडमध्ये, मोटारींच्या वाइंडिंगमध्ये, रस्त्याकडेला बसला तो राधानगरी-गगनबावड्याच्या डोंगरातून आलेला होता. असे पूर पूर्वी कधी आणि किती मोठे आले होते, याची नोंद मोजपट्ट्या लागण्याआधीच्या काळात कुठे आहे? नदीकाठच्या तळ्यांच्या तळाशी. वरच्या डोंगरातल्या झाडांचे परागकण घेऊन आलेला तो पुराचा थर रोजच्या गाळापेक्षा वेगळा ओळखता येतो. पूररेषेवर आपल्याकडे एवढे वाद चालतात. त्यात हा पुरावाही हाताशी असावा.

काही शेतकरी आणि ठेकेदार विचारतील, आमचे काम अडणार का? एका गावात मी तळ्याच्या काठावर उभी राहून हे पाहिले आहे. जेसीबीच्या बकेटने गाळाचा कापलेला कडा उघडा पडला होता आणि त्यात काळ्या, राखाडी, तांबूस पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. अर्ध्या तासात तो कडा राहिला नाही. नळी घालायला त्याहून जास्त वेळ लागला नसता. पीव्हीसीची जाड नळी, दोन टोकांना टोप्या, वरच्या टोकाला बाण आणि तारीख, तळ्याचे नाव, जागा. उभी न्यायची, आडवी करायची नाही. पुढे ती अंधारात, थंडीत, चार अंशांच्या आसपास ठेवायची. परागकण काढायचे काम नंतर, सवडीने, विद्यापीठातल्या लॅबमध्ये. ते घरी किंवा कंपनीत करायचे काम नव्हे. हायड्रोफ्लुओरिक आम्ल हाडापर्यंत पोचते आणि अर्डटमनचे मिश्रण पाण्याशी भडकते. हल्ली जड द्रवात गाळ तरंगवून वाळू आणि परागकण वेगळे करण्याची कमी धोक्याची पद्धतही आहे. वाळू जड असल्याने तळाशी बसते, परागकण वर राहतात.

परागकण मोजताना लॅबवाले एक युक्ती करतात. नमुन्यात लायकोपोडियम नावाच्या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात. तिच्यात किती बीजाणू आहेत हे आधीच ठाऊक असते, म्हणून त्यांच्या तुलनेत बाकीचे किती ते निघते. या बीजाणूंचे कवचही स्पोरोपोलेनिनचेच. आणि हीच लायकोपोडियम पावडर एकेकाळी फाउंड्रीत साच्याच्या दोन भागांमध्ये भुरभुरवत असत, वाळू वाळूला चिकटू नये म्हणून. पाणी धरत नाही, गुठळी होत नाही, इतकी बारीक आणि एकसारखी. म्हणजे आमच्या धंद्याने हे कवच पूर्वीच वापरले आहे. आता त्याच्यासाठी थोडे करायची वेळ आमची.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, १९६२ पासून. तिथला वनस्पतीशास्त्र विभाग पश्चिम घाटातल्या वनस्पतींच्या कामासाठी देशात ओळखला जातो. पुण्यात १९४६ पासून उभी असलेली आघारकर संशोधन संस्था आहे. लखनौला पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बीरबल साहनींनी उभारलेली पुरावनस्पतीशास्त्राची संस्था आहे. तिच्या इमारतीची पायाभरणी ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली आणि आठवडाभरातच साहनी गेले. त्यांच्या मागे संस्था चालू राहिली, वाढली. ज्ञानाची उणीव नाही. गाळ आणि लॅब यांच्यामध्ये जी साखळी लागते ती मात्र कुणी बांधलेली नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाकडे आणि मृद व जलसंधारण विभागाकडे माझी मागणी आहे. गाळ काढण्याच्या कार्यादेशात एक ओळ घाला. बारमाही पाणी असलेल्या तळ्यात उपसा सुरू करण्यापूर्वी तळापर्यंतचा एक गाभा काढून तो विद्यापीठाकडे सुपूर्द करावा. विद्यापीठाने त्यासाठी एक शीतकक्ष आणि नोंदवही ठेवावी. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या उद्योजकांनी नळ्या, टोप्या आणि त्या शीतकक्षाचा खर्च उचलावा. एका बिघडलेल्या हीटवर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडावर) जेवढे पैसे जातात त्यापेक्षा हा खर्च कमी येईल. आणि ज्यांच्या गावचे तळे येत्या उन्हाळ्यात उपसायचे ठरले आहे त्यांनी जेसीबी उतरण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीच्या आणि विद्यापीठाच्या कानावर ही गोष्ट घालावी. गाळ एकदा रानात पसरला की त्यातले थर पुन्हा लावता येत नाहीत.